होळीआधीचा मेळघाट: रानपिंगळा, मोहफुलं आणि बांबूकाम

मेळघाटला जाणार म्हटलं की पुण्यात ठरलेले दोन प्रश्न येतात. पहिला, "वाघ दिसतो का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "तिकडे ते कुपोषणाचं फार आहे ना?" दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण वर्षानुवर्षं एवढंच ऐकत राहिलं की त्या डोंगरात तिसरं काही असेल असं वाटेनासं होतं. मला रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक दुर्मीळ छोटं घुबड, बघायचा होता. माझ्या आतेबहिणीला, म्हणजे अकोल्याच्या ताईला, बांबूची टोपली विणायला शिकायची होती. शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली आणि तेव्हापासून तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. दोघींच्या कामाला एकच मुहूर्त जुळला: फाल्गुन. साग पानं टाकून मोकळा झालेला असतो, त्यामुळे पक्षी दिसतात. पळस-सावरी फुललेल्या असतात. ऊन अजून जीव घ्यायला लागलेलं नसतं. आणि इथल्या कोरकू आदिवासींचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, होळी, तोंडावर असतो.

गुरुवार: अमरावती, परतवाडा, सेमाडोह

रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती. ताई स्टँडवर माझ्या आधी हजर होती आणि तिने गिला वडा खाऊन घेतला होता. "तू पण खाऊन घे, वर काही मिळायचं नाही," म्हणून मलाही तिथेच उभं करून खायला लावला. चटणी-दह्यात भिजलेला तो वडा सकाळी नऊला खायचा पदार्थ आहे का, हा वाद अमरावतीत घालू नये.

परतवाड्यापर्यंत सपाट वऱ्हाड. तुरी निघालेल्या, गहू पिवळा पडलेला, आणि बांधावर एकेकटे पळस. बसच्या खिडकीतून पळस बघताना एक गोष्ट लक्षात येते: झाड जेवढं वेडंवाकडं, तेवढा रंग जास्त. परतवाड्याच्या लाकडाच्या वखारी मागे टाकल्या की रस्ता गाविलगडाच्या डोंगरात चढायला लागतो आणि घटांगच्या आसपास जंगल अंगावर येतं. साग पूर्ण निष्पर्ण. खाली सुकलेल्या पानांचा थर. मधेच एखादं कुसुमाचं झाड कोवळ्या पालवीने इतकं तांबडं झालेलं की ताईने फुलंच समजून फोटो काढायला फोन बाहेर काढला. आमच्यामागे बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "फुल नाही ते बाई, पानं हायत. चार दिसानं हिरवी होतीन."

सेमाडोहला वनखात्याच्या संकुलात खोली मिळाली होती. साधी, स्वच्छ, गरम पाण्याची बादली मागावी लागणारी. संध्याकाळी सिपना नदीवर गेलो. मार्चमध्ये सिपना वाहत नाही म्हटलं तरी चालेल. खडकांमधून डोह उरलेले असतात आणि त्या डोहांवर सगळ्या जंगलाची वर्दळ. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहून दगड टाकावा तसा खाली पडत होता. पलीकडच्या काठावर अंधार पडता पडता गव्यांचा कळप आला. ते पाणी पीत असताना ताईने माझा हात धरला तो कळप परत जाईपर्यंत सोडला नाही.

इथेच एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकते. मोबाईलला रेंज काही ठिकाणीच असते, म्हणून घरी आधी कळवून ठेवा. रोख पैसे परतवाड्यात काढा आणि त्यातले बरेच सुट्टे करून घ्या, होळीच्या दिवसांत तर नक्कीच. का, ते पुढे येईल. पहाटे चांगली थंडी असते आणि दुपारी ऊन भाजून काढतं, त्यामुळे स्वेटर आणि सुती टोपी दोन्ही लागतात. कपडे मातकट रंगाचे घ्या. रात्री संकुलाच्या आवाराबाहेर पायी फिरू नका, गवे आणि अस्वलं दोन्ही रस्त्यावर येतात.

शुक्रवार: एक जिप्सी, एक सावर

सकाळी जिप्सीतून सफारी केली. सांबर दिसलं, धूळ दिसली, दुसऱ्या जिप्सीतली माणसं दिसली. मेळघाटला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा १९७४ साली मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही प्रकल्पांत तो होता. पण हा डोंगराळ, दऱ्याखोऱ्यांचा मुलूख आहे. ताडोब्यासारखं तळ्याकाठी बसून वाघ बघणं इथे होत नाही. ज्याला वाघच हवा त्याने ताडोब्याला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मेळघाट हे बसून राहायचं जंगल आहे.

बसलो आम्ही सफारीनंतर. गावाच्या कडेला एक प्रचंड काटेसावर होती, एकही पान नाही, फक्त लालभडक, मांसल, पसरट फुलं. ताईने सतरंजी टाकली, वही काढली. पुढचे दोन-अडीच तास आम्ही कुठेही गेलो नाही आणि सबंध सहलीत सर्वांत जास्त पक्षी तिथे पाहिले.

सावरीच्या फुलात मध भरपूर असतो, आणि पाकळ्या एवढ्या जाड की मोठा पक्षीही त्यावर दाटून बसू शकतो. त्यामुळे झाडावर दरबार भरतो. भोरड्यांचा थवा एकदम उतरला, गुलाबी अंग, काळं डोकं, आणि नुसता कलकलाट. या युरोप-मध्य आशियाकडून आलेल्या पाहुण्या. एप्रिलमध्ये परत निघतील, त्याआधी खाऊन अंगावर चरबी चढवायची घाई. त्यांच्यावर कोतवालाची दादागिरी. तो स्वतः मध पितो, मधाला आलेले किडेही धरतो आणि वर दुसऱ्यांना हाकलतो. टोई पोपटांची जोडी आली. नराचं डोकं पिकल्या जांभळासारखं. हे पोपट मध पिण्याच्या नादात फूलच देठापासून तोडून टाकत होते. हळद्या आला, टकाचोर आला, हरेवा येऊन हिरव्या रंगामुळे दिसेनासा होण्याऐवजी त्या लालीत उलट उठून दिसला. वानरं वरच्या फांद्यांवर बसून फुलं चक्क चावून खात होती आणि अर्धवट खाल्लेली खाली टाकत होती. खाली पडलेली ती फुलं रात्री भेकरं आणि सांबरं खातात, असं आमच्या गाईडने सांगितलं.

गाईड म्हणजे सेमाडोहचाच तिशीतला कोरकू तरुण. दुर्बीण त्याच्याकडे एकच, पट्टा दोरीने बांधलेला. पण त्याला दुर्बिणीची गरज फारशी नव्हती, आवाजावर पक्षी सांगत होता. माझ्या मोबाईलमधल्या आवाज ओळखणाऱ्या ॲपने एकदा 'तांबट' दाखवलं, तेव्हा तो हसला. "ते तांबट नाही जी, ते कुटुर्गा हाय. तांबट तं ठोकते एका सुरात. हा बोंबलते." दोन मिनिटांनी तपकिरी डोक्याचा कुटुर्गा समोरच्या उंबरावर येऊन बसला.

मेळघाटात पायी फिरताना स्थानिक गाईड घ्यावाच लागतो आणि नियम नसता तरी मी घेतला असता. गाभा क्षेत्रात मनाप्रमाणे चालता येत नाही. गावांच्या कडा, नदीचं पात्र, शेतांचे बांध, आखून दिलेल्या निसर्गवाटा एवढ्यावर समाधान मानायचं. पक्ष्यांसाठी ते पुरून उरतं.

दुपारच्या बसने हरिसालला उतरलो, ते २०१६ साली 'डिजिटल गाव' म्हणून पेपरात गाजलेलं हरिसाल. तिथून गाईडच्या ओळखीने पुढे एका छोट्या गावात गेलो. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे रानपिंगळ्याचं घरटं आहे आणि घरट्याचा पत्ता फुटला की कॅमेऱ्यांची रांग लागते. ज्यांना जायचं आहे त्यांनी सेमाडोहला गाईडला विचारावं, तो योग्य वाटलं तर नेईल.

गाव म्हणजे समोरासमोर तोंड करून उभ्या असलेल्या घरांच्या दोन रांगा, मध्ये रुंद स्वच्छ रस्ता. भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून माती-शेणाने लिंपलेल्या, छपरावर कवेलू. आमची सोय ज्या घरी झाली तिथल्या काकी बांबूकाम करतात. त्या शिकल्या धारणीजवळच्या लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रात. सुनील आणि निरुपमा देशपांडे या जोडप्याने उभं केलेलं हे केंद्र. सुनीलभाऊ २०२१ मध्ये करोनात गेले. मेळघाटातल्या कितीतरी हातांना तिथून काम मिळालं, बांबूच्या राख्या तर राज्यभर पोचल्या. काकी मात्र आता घरीच टोपल्या, सुपं, तट्टे करतात. "राखीचं काम बारीक. माये डोये गेले आता," म्हणाल्या.

रात्री कुटकी या भरडधान्याचा भात, तुरीचं वरण, चुलीत भाजलेल्या टमाट्याची चटणी. कुटकीचे दाणे बारीक, शिजल्यावर मोकळे, चव किंचित कडसर. ताईने तीनदा घेतला.

शनिवार: पिंगळा, बांबू, गारा

पहाटे साडेपाचला निघालो. गावाबाहेर हरभऱ्याचं काढलेलं शेत, बांधाला लागून सागाचं विरळ जंगल. गाईड म्हणाला, इथेच थांबायचं. मला वाटत होतं की दुर्मीळ पक्षी म्हणजे आत, खोल, घनदाट कुठेतरी. पण रानपिंगळ्याला मोकळं पानगळीचं जंगल लागतं, खाली उघडी जमीन लागते, कारण तो उंच वाळक्या फांदीवर बसून खाली सरडे-उंदीर हेरतो. शिकारीही दिवसाच्या उजेडात करतो.

पहिल्यांदा ऐकू आला. मग गाईडने बोट दाखवलं. "थो पाहा, सागाच्या शेंड्यावर. वाळली फांदी." मला तीन वाळक्या फांद्या दिसत होत्या. ताईला आधी दिसला, अर्थात. चित्रकलेच्या बाईंची नजर. आणि मग मलाही: मुठीएवढा, जाडजूड, मान फिरवून थेट आमच्याकडे बघणारा. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या पोटावर आली तेव्हा ते पांढरं पोट चकाकलं. साधा ठिपकेवाला पिंगळा आपल्या सगळ्यांच्या गल्लीत असतो; त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, पोटावर तपकिरी नक्षी असते. याचं डोकं जवळपास कोरं, छातीवर गडद रुंद पट्टा, त्याखाली स्वच्छ पांढरं. पाय पिसांनी झाकलेले आणि अंगाच्या मानाने फारच दणकट. शेपटी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झटके देत हलवत होता.

या पक्ष्याची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याला नाव दिलं, ते नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट नावाच्या माणसावरून. त्यानंतर मोजून थोडे नमुने जमले, शेवटचा १८८४ मधला, आपल्या खानदेशातला. मग शंभर वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. मधे एक नमुना सापडला होता, १९१४ चा, गुजरातेतला, असं पुस्तकांत होतं. तो रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दिलेला. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की त्याने एक जुना नमुना चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवला होता. म्हणजे इतकी वर्षं लोक चुकीच्या जागी शोधत होते. खोटा पुरावा बाजूला काढल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धरून निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना हा दिसला. दिवसाढवळ्या, झाडाच्या शेंड्यावर. त्यानंतर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातलं खंडवा, आणि २०१४ मध्ये तर मुंबईच्या उंबरठ्यावरच्या तानसा अभयारण्यातही सापडला.

मी हे सगळं ताईला कुजबुजत सांगत होते. गाईडने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या आज्याले कोणी इचारलंच नाही. त्यानं सांगतलं असतं ना."

पिंगळा अर्धा तास बसला. एकदा खाली झेपावला, काहीतरी पकडून झाडीत गेला. आम्ही त्याच्या मागे गेलो नाही. एक कळकळीची विनंती: स्पीकरवर आवाज लावून त्याला बोलावू नका. या दिवसांत ढोलीत पिल्लं असू शकतात आणि नर तुमच्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात सकाळ घालवतो. जागतिक यादीत हा आजही 'धोक्यात' या वर्गात आहे. २०१८ पर्यंत त्याहून वाईट, 'अतिधोक्यात' होता.

परतीच्या वाटेवर राखी धनेशांची जोडी, सर्पगरुड, निखार आणि पावशाची पहिली हाक. मोसम बदलतोय याची ती वर्दी.

दहाला अंगणात बांबू घेऊन बसलो. मी टोपली विणायची म्हणजे विणण्यापासून सुरुवात असं धरून चालले होते. काकींनी पहिला सगळा वेळ चिरण्यातच घालवायला लावला. बांबू दोन-तीन वर्षांचा लागतो. कोवळा वाळल्यावर आकसतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो, फार जून झाला की मोडतो. मेळघाटातला मानवेल जवळपास भरीव, लाठीचा बांबू. काटस जाड आणि पोकळ. टोपलीला आम्ही ओला मानवेल घेतला. कोयत्याने उभा दोन भाग, मग चार, मग आठ. चिरताना फाट हमखास एका बाजूला पळते आणि एक पट्टी जाड, एक पातळ होत जाते. माझी प्रत्येक वेळी झाली. काकींचा उपाय सोपा होता: जाड बाजू वाकवायची. ज्या बाजूला जास्त बाक द्याल त्या बाजूकडे फाट सरकते. माझे हात सवयीने पातळ बाजूच दाबत होते, ती हाताला सोपी जाते ना. "पातय कायले वाकवतं? ते तं आधीच मरून राह्यलं," काकी म्हणाल्या आणि पायाच्या अंगठ्यात पट्टी धरून एका दमात वितभर लांब, कागदाएवढी सारखी साल काढून दाखवली.

बाहेरची हिरवी पाठ चिवट, ती विणायला. आतलं पांढरं पोट ठिसूळ, ते चुलीला. कडा सुरीने तासून घ्यायच्या, नाहीतर बोटांत कुसळं घुसतात. तासूनही घुसली. ताईने पर्समधून चिमटा काढला, त्या चिमट्याने दिवसभर माझ्या बोटांवर काम केलं.

जेवणानंतर तळ. आठ पट्ट्या एकमेकींवर चक्रासारख्या टाकल्या की सोळा टोकं होतात. पण सोळा चालत नाहीत. एकाच पट्टीने एक वर एक खाली असं सलग विणत गेलं तर सम संख्येला दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच टोकांवर जाते आणि वीण बसतच नाही. विषम लागतात. काकींनी एक टोक सुरीने मधोमध चिरून त्याची दोन केली. झाली सतरा. ताईने ते बघून वही खाली ठेवली आणि नुसती हसत बसली. चाळीस वर्षं मुलांना नक्षीकाम शिकवलं, हे कधी सुचलं नाही म्हणे.

काकींचे यजमान तिथेच खाटेवर बसून बांबूचं राजकारण सांगत होते. पूर्वी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेला तरी वाहतुकीचा परवाना लागायचा, कारण कायद्यात बांबू म्हणजे 'झाड'. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर उगवलेला बांबू त्या व्याख्येतून निघाला. जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क येतो तो २००६ च्या वनहक्क कायद्याने, सामूहिक दावा मंजूर झाला तर. पायविहीरसारखी गावं त्यातून उभी राहिली, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

चारच्या सुमारास वारा पडला. काकींनी आभाळाकडे बघितलं आणि काही न बोलता पट्ट्या गोळा करायला लागल्या. पाच मिनिटांत आभाळ शाईसारखं काळं आणि मग कवेलूंवर असा आवाज सुरू झाला की बोलणं ऐकू येईना. गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. पोरं पाट डोक्यावर धरून बाहेर पळाली आणि माझी अर्धवट टोपली उचलून त्यात गारा भरायला लागली. घरात दोन ठिकाणी गळायला लागलं. विदर्भात मार्चमध्ये गारपीट नवी नाही, पण काकी दारात उभ्या राहून एकच गोष्ट बोलत होत्या: "मोह गेला. मोह गेला."

रविवार: मोहफुलं आणि होळी

त्याचा अर्थ दुसऱ्या पहाटे कळला. मोहाची फुलं रात्री उशिरा, पहाटेपर्यंत गळतात आणि उजाडायच्या आत वेचायची असतात. आम्ही काकींच्या मागोमाग टॉर्च घेऊन गेलो, पाच-सहा बायका, मुद्दाम मोठ्याने बोलत. कारण मोहावर अस्वलाचंही तेवढंच प्रेम असतं आणि अस्वलाला अचानक गाठणं वाघापेक्षा वाईट. झाडाखाली जमिनीवर फिकट पिवळी, रसाळ फुलं, पण निम्मी चिखलात काळी पडलेली. वास गोड, जड, थोडा आंबूस. एरवी ही फुलं वाळवून वर्षभर ठेवतात. त्यांची दारू होते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या भाकरी होतात, लाडू होतात आणि टंचाईत ती पोटाला आधार देतात, हे कुणी सांगत नाही. काकींनी काळी फुलं वेगळ्या टोपलीत घेतली. "गुरांले," म्हणाल्या.

एक गोष्ट खटकली ती लिहिते. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत आहे. तो वणवा पसरला की ढोलींची जुनी झाडं जातात, म्हणजे पिंगळ्याचंही घर. या गावात झाडाखाली झाडून घेतात किंवा जुनी साडी पसरतात. वनखात्याच्या माणसांपेक्षा बायकांनीच ते लावून धरलं आहे, असं गाईड म्हणाला.

दिवसभर टोपली. भिंत वर चढवताना सतराच्या सतरा टोकं ओली करून वाकवायची आणि वीण दर फेरीला खाली ठोकत बसवायची. ताईची टोपली गोल झाली, घट्ट झाली, वरती काठाला दुहेरी पट्टी बांधून पूर्ण झाली. माझी एका अंगाला कलली. काकींनी दोन्ही टोपल्या चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवल्या. धुराने रंग चढतो आणि भुंगा लागत नाही. मोठ्या प्रमाणात करणारे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात. घरी चूल आहेच. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी किमान दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवावे, पाय दुमडून जमिनीवर बसायची तयारी ठेवावी, आणि मजुरी शिकवण्याची द्यावी, फक्त टोपलीची नाही. आम्ही आधी ठरवून दिली. काकींनी एक रात्र राहण्याचे पैसे मात्र घेतले नाहीत, "होळीले पाव्हण्याचे पैसे नाय घेत," म्हणून.

दुपारपासून गाव भरायला लागलं. वीटभट्ट्यांवर, शहरांत बांधकामावर गेलेली माणसं होळीला परत येतात. प्रत्येक जीपमधून पिशव्या, पोरं, नवे कपडे उतरत होते. रात्री गावाबाहेर होळी पेटली. ढोल आणि बासरी, आणि गदली-सुसुन: बायका हात गुंफून ओळीत, पुरुष वाजवत समोर. पावलं साधी वाटतात, पण ओळीत उभं राहिल्यावर कळतं. ताई चक्क तासभर नाचली. मी काकींच्या सासूबाईंशेजारी बसले होते. त्या मला कोरकूत काहीतरी सांगत होत्या, लांबलचक, आणि मध्ये 'कुला' म्हणजे वाघ एवढंच मला कळत होतं. नातवाने शेवटी भाषांतर केलं: तिच्या लहानपणी होळीच्या रात्री गावाकडेला वाघ येऊन बसला होता, नाच बघत. खरं का, असं मी विचारलं. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

सोमवार: फगवा

धुळवडीला एसटी जवळपास बंद. हरिसालहून परतवाड्याला निघालेल्या एका जीपमध्ये जागा मिळाली, आत आम्ही तेरा जण आणि एक कोंबडी. सावकाश निघालो तरी दहाव्या मिनिटाला थांबलो. रस्त्यावर आडवी दोरी, दोन्ही टोकांना मुली, नवीन साड्या, केसांत पळस, आणि गाणं. फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी द्या, मग दोरी खाली. ड्रायव्हरने सवयीने दहाची नोट काढली, घासाघीस झाली, वीस झाले, दोरी खाली. पुढच्या गावात परत. त्याच्या पुढच्या गावात परत. जीपमधले सगळे आळीपाळीने देत होते आणि ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी आधीच्या गावापेक्षा कमी देण्याचा प्रयत्न करून प्रत्येक ठिकाणी हरत होता.

ज्यांच्याकडे सवड आहे त्यांनी होळीनंतरचे दिवसही ठेवावेत. मेघनाथ या कोरकूंच्या देवाच्या जत्रा तेव्हाच भरतात. आम्हाला सुट्टी नव्हती.

घटांगच्या अलीकडे शेवटची दोरी लागली तेव्हा जीपमधले सुट्टे संपले होते. ड्रायव्हरने हात जोडून दाखवले. मुली हटेनात. त्यांतली सगळ्यात मोठी खिडकीशी आली, माझ्या मांडीवरच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "यही दे दो." मी दिली. तिने टोपली डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिली, तळ पाहिला, काठ पाहिला, मैत्रिणीला दाखवली. दोघी खळखळून हसल्या.

"ये तो टेढ़ी है, बाई. रखो आप. पचास दो."

ताईने तिची गोल टोपली पदराखाली घेतली आणि पन्नासची नोट दिली.